समीक्षकाशेजारचे पान

अमेरिकेतील धर्मादाय संस्थांची निधी जमविण्याची एक ठरलेली रीत आहे. वर्षातून एकदा संस्थेचे हितचिंतक एखाद्या मोठ्या दिवाणखान्यात जमतात, जेवणे होतात, दोन भाषणे होतात आणि मग लिलाव पुकारला जातो. लिलावातल्या चीजवस्तू कोणी ना कोणी संस्थेला विनामूल्य दिलेल्या असतात. एखादे तैलचित्र असते, समुद्रकाठच्या बंगल्यातील आठवडाभराचा मुक्काम असतो, खेळाडूच्या सहीचा चेंडू असतो. या यादीत पुष्कळदा एक जिन्नस असा असतो, की जो टेबलावर मांडून दाखविता येत नाही आणि कागदात गुंडाळून घरीही नेता येत नाही. तो म्हणजे कोणा नामांकित व्यक्तीच्या सहवासात एक वेळचे जेवण. ही व्यक्ती कधी नट असते, कधी लेखक, कधी उद्योगपती. आणि ज्या शहरांना चित्रपटांचे वेड आहे तेथे ती कधी कधी वृत्तपत्राचा चित्रपट-समीक्षक असते.

नटाबरोबर जेवायला लोक पैसे मोजतात हे समजण्यासारखे आहे. उद्योगपतीकडून चार युक्तीच्या गोष्टी कळतील ही आशाही समजते. पण समीक्षकापाशी देण्यासारखे असते ते त्याचे मत, आणि ते तर तो आठवड्याच्या आठवड्याला वर्तमानपत्राच्या किमतीत गावभर वाटत असतो. मग त्याच्या शेजारच्या पानावर बसण्यासाठी कोणी शेकडो डॉलर का मोजावेत? प्रश्न वरवर थट्टेचा आहे. पण जेवण म्हणजे काय, सोबत म्हणजे काय आणि त्यांची किंमत करता येते की नाही, इथपर्यंत तो आपल्याला नेऊन पोचवितो. म्हणून त्याचा जरा सावकाश विचार करावा असे आम्हांला वाटते.

आधी या व्यवहाराची रीत पाहू. असे लिलाव दोन प्रकारचे असतात. मोठे जिन्नस पुकारून विकले जातात. लहानांसाठी ‘मूक लिलाव’ असतो. प्रत्येक वस्तूजवळ एक कागद ठेवलेला असतो. त्यावर वस्तूचे वर्णन, किमान बोली आणि प्रत्येक नवी बोली किती रकमेने वाढली पाहिजे हे लिहिलेले असते. इच्छुकाने खाली आपला क्रमांक आणि आकडा घालावा, पुढच्याने त्याच्याखाली आपला. ठरलेल्या वेळी कागद उचलले जातात आणि ज्याचा आकडा शेवटचा त्याची वस्तू. अलीकडे हे काम हातातल्या फोनवरही होते. परंतु कागदाच्या लिलावात शेवटच्या पाच मिनिटांत सभ्य गृहस्थ टेबलाभोवती जे उगाचच घुटमळतात, पाण्याचा पेला घेण्याच्या मिषाने दुसऱ्याचा आकडा वाचतात, ती मौज फोनमध्ये कुठली?

या व्यवहारात अमेरिकन सरकारनेही मोठी मार्मिक नजर ठेवली आहे. दान दिले म्हणजे प्राप्तिकरात सवलत मिळते; पण दानाच्या बदल्यात काही मिळाले असेल, तर त्याची बाजारभावाने होणारी किंमत वजा करूनच सवलत धरतात. समजा, जेवण दोनशे डॉलरचे आहे आणि बोली बाराशेवर गेली, तर दान हजाराचेच. रक्कम ७५ डॉलरच्या वर असली आणि बदल्यात काही दिले असले, तर तसे लेखी कळविण्याचे बंधन संस्थेवर असते. उलट, जो समीक्षक आपली संध्याकाळ देतो त्याला मात्र आपल्या वेळेची किंमत लावून सवलत मागता येत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी ताटातल्या पदार्थांना भाव आहे, संभाषणाला नाही. आम्हांला हा नियम फार आवडला. करअधिकाऱ्यांच्या हातून नकळत काव्य घडते ते असे.

आता, हा प्रकार आपल्याला अगदीच परका आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या माळव्यात जैन शेजार नसलेला मराठी वाडा विरळा. पर्युषणात श्वेतांबर मंदिरांत महावीरजन्माचे वाचन होते त्या दिवशी चौदा स्वप्नांच्या प्रतिमा खाली उतरविण्याचा मान कोणाचा, हे बोलीने ठरते. ही बोली पूर्वापार तुपाच्या मणांत बोलली जाते; तुपाचा मण किती रुपयांचा धरायचा ते संघ ठरवितो. आलेला पैसा देवद्रव्य होतो आणि तो देवकार्याखेरीज अन्यत्र खर्ची घालता येत नाही. हैदराबादकडील वाचकांना बाळापूरच्या गणपतीचा लाडू ठाऊक असेलच. १९९४ साली त्याचा लिलाव सुरू झाला तेव्हा तो ४५० रुपयांना गेला होता. २०२४ साली ३० लाख १ हजार रुपयांना गेला. लाडू तोच, एकवीस किलोंचा. घेणारा तो घरीदारी वाटतो, थोडा शेतात टाकतो. पैसा गावाच्या कामी लागतो. तेव्हा चारचौघांत बोली लावून दान द्यावे, दानाबरोबर मान मिळवावा आणि शेजाऱ्याला थोडे जळवावे, ही कला आपल्याला अमेरिकेकडून शिकायची नाही.

फरक आहे तो पंगतीचा. देवाच्या मानाला बोली चालते. माणसाच्या शेजारच्या पानाला चालते का? आपल्या जुन्या घरांत अन्न विकणे हे हलके मानले जाई. खानावळ चालविणाऱ्या विधवेच्या कष्टांना मान होता, पण व्यवसायाला नव्हता. जेवायला बोलावणे हा यजमानाचा अधिकार आणि पानावर बसणे हा पाहुण्याचा मान. मध्ये पैसा आला की दोघेही उतरले, अशी ती समजूत होती. सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’ (१९५८) चित्रपटात हीच गोष्ट एका हालचालीत दाखविली आहे. कर्जबाजारी झालेला जमीनदार शेवटचा पैसा खर्चून घरी मैफल भरवितो. नृत्य संपताच शेजारचा नवश्रीमंत सावकारपुत्र नर्तिकेला बक्षीस देण्यासाठी हात पुढे करतो, आणि जमीनदार आपल्या काठीच्या मुठीने तो हात अडवितो. पहिले बक्षीस देण्याचा हक्क यजमानाचा! ज्याने हा प्रसंग पाहिला त्याला लिलावातल्या जेवणाबद्दल आपल्या मनात जी अढी असते ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. येथे पाहुणा पैसे टाकून येतो आणि यजमान फुकट बसतो; सगळेच उलटे.

तरीही ही अढी बाजूला ठेवून पाहावे असे एक उदाहरण आहे. ते समीक्षकाचे नाही, धनिकाचे आहे. पण अशा जेवणांत सर्वांत गाजलेले तेच. वॉरन बफे हे अमेरिकेतील जगद्विख्यात गुंतवणूकदार. सॅन फ्रान्सिस्को शहरातील ‘ग्लाइड’ ही संस्था निराश्रितांना आणि दरिद्री लोकांना रोज फुकट जेवू घालते. बफे यांच्या पत्नी सुसान तेथे सेवेला जात. त्यांच्यामुळे बफे यांचा त्या संस्थेशी संबंध आला आणि २००० सालापासून त्यांनी आपल्याबरोबरचे दुपारचे जेवण तिच्यासाठी लिलावात ठेवले. पहिल्या वर्षी २५ हजार डॉलर आले. २००३ पासून लिलाव इंटरनेटवर होऊ लागला आणि आकडे चढत गेले. २०२२ साली १ कोटी ९० लाख १०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास दीडशे कोटी रुपये, अशी बोली गेली. २००० ते २०२२ या काळात या जेवणांनी संस्थेला एकंदर ५ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक मिळवून दिले. जेवण बहुधा न्यूयॉर्कमधील एका मांसाहारी उपाहारगृहात होई. बोली जिंकणाऱ्याने आपल्याबरोबर सात माणसे आणावीत, वाटेल ते विचारावे. फक्त पुढे कोणते समभाग घेणार वा विकणार, हे विचारू नये. म्हणजे ज्या एका गोष्टीतून पैसे वसूल झाले असते तीच वर्ज्य!

२००७ सालचा लिलाव साडेसहा लाख शंभर डॉलरला दोन मित्रांनी मिळून जिंकला. त्यांतले एक मोहनिश पाबराई, जन्माने मुंबईचे. पुढच्या वर्षी ते बायको आणि दोन लहान मुलींना घेऊन जेवायला गेले. बफे यांच्या लेखनातून आपण धंदा शिकलो, त्याची ही गुरुदक्षिणा, असे पाबराई यांचे म्हणणे. शब्द नीट वापरला आहे. गुरुदक्षिणा विद्या मिळाल्यावर देतात, मिळविण्यासाठी नव्हे. जेवणातून काय पदरात पडले याचा हिशेब मग उरत नाही. पाबराई दांपत्याच्या संस्थेचे नावही ‘दक्षणा’ असेच आहे. नवोदय विद्यालयांतून आणि अशाच शाळांतून आलेल्या गरीब घरच्या हुशार मुलांना आय. आय. टी.च्या प्रवेशपरीक्षेसाठी ती विनाशुल्क तयार करते. पुण्याजवळ तिचे निवासी केंद्र आहे. नवोदयची मुले कोणत्या घरांतून येतात हे शाळेत जन्म काढलेल्यांना सांगायला नको. टेड वेश्लर नावाच्या दुसऱ्या गृहस्थांनी तर २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षे प्रत्येकी सव्वीस लाख डॉलरहून अधिक बोली लावली आणि जेवता जेवता बफे यांना ते इतके पटले, की त्यांनी त्यांना आपल्याकडेच कामाला घेतले. याउलट २०१९ चा विजेता हा एक तरुण चलनव्यापारी. त्याने पंचेचाळीस लाखांवर बोली लावली, गाजावाजा केला, मग मूतखड्याचे कारण सांगून ऐन वेळी भेट पुढे ढकलली. संस्थेला मात्र पैसे मिळाले ते मिळालेच. दानाची ही मोठी सोय आहे. दात्याचा हेतू पैशाला चिकटून येत नाही.

आता समीक्षकाकडे वळू. अमेरिकेत समीक्षक म्हटले की पहिले नाव रॉजर ईबर्ट यांचे येते. १९४२ साली इलिनॉय राज्यातील अर्बाना या गावी जन्म. १९६७ पासून शिकागोच्या ‘सन-टाइम्स’ या दैनिकाचे चित्रपट-समीक्षक, आणि मरेपर्यंत तेच पद. १९७५ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. चित्रपट-समीक्षेसाठी ते मिळविणारे ते पहिलेच. त्याच सुमारास प्रतिस्पर्धी दैनिक ‘ट्रिब्यून’चे समीक्षक जीन सिस्केल आणि ईबर्ट यांना एकत्र बसवून दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम सुरू झाला. दोघांनी नव्या चित्रपटांवर वाद घालायचा आणि शेवटी अंगठा वर किंवा खाली करायचा. या अंगठ्याने दोघांना घराघरांत पोचविले. पण लोक अंगठा पाहायला बसत नसत, वाद ऐकायला बसत. दोन जाणती माणसे एकमेकांचे म्हणणे खोडून काढीत आहेत, चिडत आहेत आणि तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा शेजारी बसत आहेत, हे दृश्य कोणत्याही घरच्या जेवणाच्या वेळेसारखे होते.

अशा माणसाबरोबर जेवायला मिळाले तर कुठे जावे लागेल? ईबर्ट यांना लहानपणापासून आवडे ते ‘स्टेक एन शेक’, म्हणजे इलिनॉयमध्ये १९३४ साली निघालेले, कामकरी माणसाला परवडणारे सँडविच आणि दुधाच्या शेकचे उपाहारगृह. फाशीच्या कैद्याला शेवटचे जेवण विचारतात तसे मला विचारले तर मी तिथलेच मागेन, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. मद्य म्हणाल तर १९७९ सालीच त्यांनी ते सोडले होते आणि आपल्या व्यसनाबद्दल पुढे मोकळेपणाने लिहिलेही. तेव्हा जिभेचे चोचले हे काही त्यांच्याकडून विकत घेण्यासारखे नव्हते.

मग काय होते, याचा दाखला त्यांनीच सांगितलेल्या एका आठवणीत मिळतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शिकागोतील एका स्थानिक वाहिनीवरील तरुण निवेदिकेबरोबर ते चित्रपट पाहून हॅम्बर्गर खायला गेले. आपला कार्यक्रम देशभर स्वतंत्रपणे वितरित करू द्यावा की एखाद्या मोठ्या वाहिनीला बांधून घ्यावे, या पेचात ती होती. ईबर्ट यांनी टेबलावरचा कागदी रुमाल ओढला आणि त्यावर गणित मांडले. स्वतःची वर्षाची कमाई लिहिली. सिस्केललाही तेवढीच मिळते म्हणून दुप्पट. आमचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा, तुझा तासाचा, म्हणून पुन्हा दुप्पट. आमचा आठवड्यातून एकदा, तुझा पाचदा, म्हणून पाचपट. खालचा आकडा तिने पाहिला आणि निर्णय झाला. ती निवेदिका म्हणजे ओप्रा विन्फ्री, आणि ८ सप्टेंबर १९८६ पासून तिचा कार्यक्रम अमेरिकाभर दिसू लागला. यापुढे लिलावात सर्वांत महाग गेलेले जेवणही स्वस्तच म्हणायचे; आणि त्यासाठी कोणी बोली लावली नव्हती. जेवताना माणूस सैल होतो, हातातला रुमालही कामी आणतो. सभेत आणि मुलाखतीत तो ते करीत नाही.

येथे एक शंका रास्त आहे. समीक्षक कोणाच्याही पैशाने जेवू लागला तर त्याच्या लेखणीचे काय? ईबर्ट यांनी २००८ साली समीक्षकांसाठी नियमांची एक छोटी संहिताच लिहिली होती. उपकार घेऊ नका, फुकटच्या देणग्यांपासून सावध राहा, प्रतिकूल परीक्षण लिहायची तयारी ठेवा, असा तिचा रोख. निर्माते परीक्षकांना परगावी नेतात, उत्तम हॉटेलात उतरवितात, नटनटींशी भेट घडवितात, हा प्रकार तिकडे जसा चालतो तसा आपल्याकडेही चालतो. तेथे जेवण देणाऱ्याला परीक्षण हवे असते. लिलावात जेवणाचे पैसे वाचक टाकतो आणि ते अनाथालयाला वा रुग्णालयाला जातात. वाचकाचा कोणताही चित्रपट शुक्रवारी लागायचा नसतो. बोली लावणाराच निर्माता निघाला तर? तर मात्र समीक्षकाने प्रकृतीचे कारण सांगावे. मूतखडा चालेल.

आपल्याकडे समीक्षकाशी बसून बोलण्याची हौस लोकांना नव्हती असे नाही; तिची सोय वेगळी होती. बाबूराव पटेल यांचे नाव आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवते. १९३५ साली त्यांनी मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले. त्यांच्या परीक्षणांना निर्माते थरथरत, हे झालेच. परंतु वाचक अंक उघडीत ते संपादकांची प्रश्नोत्तरे वाचायला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कोणीही काहीही विचारावे, नटीच्या वयापासून राजकारणापर्यंत, आणि बाबूरावांनी त्याला झणझणीत उत्तर द्यावे. कित्येक उत्तरे सभ्यतेची मर्यादा सोडीत, काही तर आज कोणी छापणार नाही. तरी लोक विचारीत राहिले. टपालाच्या तिकिटात समीक्षकाशेजारचे पान मिळत होते म्हणा ना! माळव्यातील वाचकांना त्यांची आणखी एक ओळख आहे. १९६७ साली आमच्या शेजारच्या शाजापूर मतदारसंघातून जनसंघाच्या तिकिटावर ते लोकसभेवर निवडून गेले होते. मध्यंतरी ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) असे दोन चित्रपटही त्यांनी स्वतः केले. दुसऱ्यांची कढी पातळ म्हणणाऱ्याने स्वतःची करून दाखविली, एवढे त्यांच्या बाजूने म्हटलेच पाहिजे.

त्यानंतरची सोय म्हणजे फिल्म सोसायट्या. १९४७ साली राय आणि चिदानंद दासगुप्त यांनी मित्रांसह कलकत्त्यात पहिल्यापैकी एक काढली. १९५९ साली त्यांचा देशव्यापी संघ झाला. १९६८ साली मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ निघाले आणि सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या समीक्षकाने त्याच्या कामाला आयुष्य वाहिले. वर्षाची माफक वर्गणी भरावी, परदेशी चित्रपट पाहावा आणि नंतर चहाच्या कपाभोवती दोन तास भांडावे. त्या भांडणात समीक्षक आणि बँकेतला कारकून एकाच बाकावर असत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी नाटकाची स्पर्धा, गणेशोत्सवाची व्याख्याने सारे निष्ठेने जपले. चित्रपट पाहून त्यावर बोलण्याची ही रीत मात्र फार थोड्या ठिकाणी रुजली. याची आम्हांला चुटपूट वाटते.

आणि म्हणून एक सूचना करण्याचा मोह आवरत नाही. आपली मंडळे दरवर्षी पाहुणा वक्ता आणतात. तो भाषण करतो, शाल घेतो, मागच्या खोलीत अध्यक्ष आणि कार्यवाह यांच्यासमवेत जेवतो आणि सकाळच्या गाडीने जातो. ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांना तो हाताच्या अंतरावरही येत नाही. त्या मागच्या खोलीतल्या जेवणातली चार पाने चारचौघांत पुकारली तर? पैसा गरजू मुलांच्या फीला जावा. मात्र एक अट असावी. चार पाने बोलीने जातील तर एक पान बोलीवाचून राहावे, आणि त्यावर गावातला एखादा वाचनवेडा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी बसावी. ज्याच्यापाशी विचारण्यासारखे पुष्कळ असते त्याच्यापाशी बोली लावण्यासारखे बहुधा काही नसते. हा लिलावाच्या पद्धतीतला मूळचा दोष आहे आणि तो एका पानाने पुरता भरून निघणार नाही. तरी अध्यक्षांच्या जेवणापेक्षा ते बरे. वक्त्यांना विचारून मगच हे करावे, हे सांगणे नलगे. पुष्कळ विद्वानांना जेवताना बोललेले खपत नाही.

ईबर्ट त्यांतले नव्हते. आणि त्यांच्या बाबतीत पुढे जे घडले त्यामुळेच आम्ही हा विषय हाती घेतला. २००२ साली त्यांना गलग्रंथीचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि २००६ साली खालचा जबडा काढावा लागला. घरी परतायच्या दिवशी खोलीत एक गाणे चालू होते, ते संपेपर्यंत थांबू म्हणून ते थांबले, आणि तेवढ्यात मानेतील रक्तवाहिनी फुटली; वाटेत असते तर वाचले नसते. जबडा पुन्हा बसविण्याचे प्रयत्न फसले. त्यानंतर ते एक घास खाऊ शकले नाहीत, एक घोट पिऊ शकले नाहीत, एक शब्द बोलू शकले नाहीत. अन्न नळीने थेट पोटात जाई. जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यांचा आवाज जुळवून एडिंबरोच्या एका कंपनीने संगणकाला दिला. बोलायचे ते टंकावे आणि यंत्राने म्हणावे. अशा स्थितीत २०१० साली त्यांनी भात शिजविण्याच्या विजेच्या भांड्यावर एक पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले! ज्याला चव घेता येत नाही त्याने स्वयंपाक शिकवावा, यात त्यांना गंमत वाटली असावी असा आमचा तर्क आहे.

त्याच वर्षाच्या आरंभी त्यांनी या अवस्थेवर एक लेख लिहिला. शीर्षक रुग्णालयातल्या आज्ञेचे : तोंडाने काही देऊ नये. त्यात करुणेची याचना नाही. खाण्याची आठवण येते, ती कशी येते, हे ते तटस्थपणे सांगतात. लहानपणीचे एखादे पेय, परिचित उपाहारगृहातला ठरावीक पदार्थ डोळे मिटून घासाघासाने आठवता येतो, तेवढ्यावर भागते. पदार्थांवाचून आपले फारसे अडले नाही, असेच ते म्हणतात. अडले ते दुसऱ्याच गोष्टीवाचून. टेबलाभोवतीचे विनोद, कुचाळक्या, वाद, जुन्या आठवणी, मध्येच कोणी म्हटलेली कविता.  त्यांना स्वतःला जेवण आणि बोलणे ही दोन गेली त्यांत दुसऱ्याचे दुःख अधिक होते. आमच्या लिलावाच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ताटातले सगळे काढून घेतल्यावर जेवणात जे उरते त्याचीच ती बोली असते. करअधिकारी ज्याला शून्य धरतात तेच.

लेखाच्या अखेरीस ते वाचकांकडे वळतात. कदाचित म्हणूनच मला हे लेखन इतके प्रिय झाले असेल, असे म्हणतात. तुमच्या ध्यानात आलेले नाही, पण या क्षणी आपण एकत्र जेवायलाच बसलो आहोत.

त्या पंगतीला बोली नव्हती. इंटरनेटवर ते रोज लिहीत, अनोळखी वाचक लिहून उत्तरे देत, ते त्यांतल्या कित्येकांना पुन्हा उत्तर देत. भारतातूनही वाचक येत. ‘थोर चित्रपट’ या त्यांच्या लेखमालेत रायांची ‘अपू’ चित्रत्रयी आहे आणि ‘जलसाघर’ही आहे. २०१२ या वर्षात, बोलणे बंद झाल्याला सहा वर्षे झालेली असताना, त्यांनी ३०६ चित्रपटांची परीक्षणे लिहिली. सबंध आयुष्यात एका वर्षात कधी इतकी लिहिली नव्हती. २ एप्रिल २०१३ रोजी त्यांनी वाचकांना कळविले की कर्करोग उलटला आहे, तेव्हा आता थोडे कमी लिहीन, मनाला येतील तेवढेच चित्रपट पाहीन, पण कुठे जात नाही. दोनच दिवसांनी, ४ एप्रिलला, ते गेले. त्यांची परीक्षणे अजून कोणालाही विनामूल्य वाचता येतात.